कातरलेले चिनी

ओर्सोला तेसेरच्या बापाने आयुष्यात एकही चिनी माणूस पाहिला नव्हता, पण त्याने रंगवलेले चिनी एका जागी आणले असते तर एक लहानसं गाव वसलं असतं. कपाटांच्या दारांवर, मेजांच्या खणांवर, खुर्च्यांच्या पाठींवर ते बसलेले असत. कुणी छत्रीखाली, कुणी पाण्यात गळ टाकून, तर कुणी माकडाची दोरी हातात धरून. व्हेनिसच्या बड्या घरांना त्या वेळी चिन्यांचं वेडच लागलं होतं. लग्न ठरलं की आधी पलंग, मग चिन्यांचं कपाट, आणि त्यातून वेळ उरला तर नवरामुलगा बघतात, असं मोमोलो म्हणायचा.

मोमोलो हा शेजारचा. सोन्याचा वर्ख चढवणं हा त्याचा धंदा. शहराच्या कान्नारेजो भागातल्या त्या अरुंद गल्लीत तीन दारं एकमेकांना लागून होती. पहिल्यात सुतार आणि नक्षीवाला, दुसऱ्यात मोमोलो, तिसऱ्यात बोर्तोलो तेसेर, म्हणजे ओर्सोलाचा बाप. पहिल्या दारातून कोरं लाकूड निघायचं, पोट सुटलेलं, बकरीसारख्या वाकड्या पायांचं, अंगभर शिंपले आणि पालवी कोरलेलं. दुसऱ्या दारात त्या पालवीवर लाल माती बसायची, मातीवर वर्ख, आणि मग मोमोलो कुत्र्याच्या सुळ्याने घोटून घोटून त्याला झळाळी आणायचा. उरलेल्या सपाट जागेवर चिनी काढायचं काम बोर्तोलोचं.

बोर्तोलोचे नियम ठरलेले होते. चिन्याला पायाखाली जमीन लागत नाही, एक रेघ पुरते. चिनी कधी घाईत नसतो. आणि चिन्याच्या हातात काहीतरी द्यावंच, म्हणजे बोटं नीट काढावी लागत नाहीत. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. फळीवर एक झाकण तुटलेली खरीखुरी चिनी पेटी होती, तीच त्याची गुरू.

ओर्सोला नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून ती बापाबरोबर कारखान्यात होती. सरस उकळवायचा, खडूची भुकटी मिसळून थर द्यायचे, वाळले की मुशी माशाच्या खरखरीत कातड्याने घासून तळहातासारखे गुळगुळीत करायचे. त्यावर हिरवा नाहीतर पिवळा रंग, आणि सगळं झाल्यावर रोगण. हे सगळं तिचं. माणसं मात्र बाप काढणार. "तळ बाईने करावा, माणसं बाप्याने काढावीत," असं तो म्हणे. त्यात टोमणा नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणे. ओर्सोलाही ते तसंच ऐकून घेई.

ती सव्वीस वर्षांची झाली त्या हिवाळ्यात बापाचा हात गेला.

आधी पोटात मुरडा यायचा, मग हिरड्या काळ्या पडल्या. सगळं आयुष्य शिशाचा सफेदा खलण्यात गेलेल्या रंगाऱ्यांना हे व्हायचंच. गल्लीत त्याला 'रंगाऱ्याचं पोट' म्हणत आणि दूध पी म्हणून सांगत. पण एके सकाळी बोर्तोलोने कुंचला उचलायला हात पुढे केला तर मनगट वर येईना. मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा पंजा खाली लोंबत राहिला. त्याने डाव्या हाताने तो उजवा हात उचलला, कुंचल्याजवळ नेला, आणि बोटं मिटायची वाट बघत बसला.

"झोपेत अंगाखाली आला असेल," तो म्हणाला.

"असेल," ओर्सोला म्हणाली.

आठ दिवस झाले तरी तो हात अंगाखालीच होता.

वेळही नेमकी वाईट. वालझोर्झी घराण्याचं काम दारात येऊन पडलं होतं. त्यांच्या घरात ईस्टरनंतर सून यायची होती, आणि तिच्या खोलीसाठी वर आरसा असलेलं दोन मजली कपाट, दोन पोटाळ मेजं आणि आठ खुर्च्या हव्या होत्या. सुताराचं काम झालं होतं. मोमोलोने वर्ख चढवून कपाटाच्या माथ्यावरचा मुकुट असा उजळला होता की गल्लीतून जाणारे थांबून बघत. राहिले होते फक्त चिनी.

वैद्याने बोर्तोलोला आबानो गावच्या गरम झऱ्यांच्या चिखलात हात पुरून बसायला सांगितलं, दोन महिने. जाताना तो होडीत बसून म्हणाला, "तळ करून ठेव. माणसांना हात लावू नकोस. मी आलो की काढीन."

"बरं."

"बरं म्हणतेस तेव्हा तू ऐकत नसतेस."

"मग काय म्हणू?"

होडी निघाली.

तळ पंधरा दिवसांत झाला. कोवळ्या वाटाण्यासारखा हिरवा, आरशासारखा सपाट. मग वालझोर्झींचा कारभारी आला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "माणसं कुठायत?"

"यायचीत," ओर्सोला म्हणाली.

"कुठून, चीनहून? बाई, लग्नाला सात आठवडे उरलेत. पुढच्या आठवड्यात मला निदान अर्धं कपाट भरलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर हे सगळं उचलून दुसरीकडे नेतो."

त्याच दिवशी दुपारी तिने डोंगरातून येणाऱ्या फेरीवाल्याकडून छापील कागद घेतले. संतांच्या आणि जहाजांच्या चित्रांबरोबर तो चिन्यांचेही ताव विकायचा. मुलं, रिकामटेकड्या बायका ते घ्यायच्या, कातरायच्या आणि डब्यांवर चिकटवायच्या. एका तावावर चौदा चिनी होते. तिने ते आधी रंगवले, मग बारीक कात्रीने कातरले. मिशीचं टोक, माकडाची शेपटी, छत्रीची काडी. शेपटी तुटली की अख्खं माकड वाया जाई. कातरलेले चिनी खळ लावून हिरव्या तळावर बसवले आणि त्यांच्या पायाखाली कुंचल्याने एकेक रेघ ओढली. मग वरून रोगण. एक थर, वाळवायचं, घासायचं, पुन्हा थर. कागदाची कड बुडून जाईपर्यंत.

मोमोलो दारात उभा राहून बघत होता. "तुझा बाप तुला कालव्यात बुडवेल."

"कोणत्या हाताने?"

मोमोलोने बाही वर केली. "दे इकडे ते कातडं. घासायला लागतो."

बोर्तोलो परत आला तेव्हा सामान वाहून न्यायला दोन दिवस उरले होते. हात होता तसाच होता, वर चिखलाने कातडी सोललेली. त्याने कपाटाभोवती एक फेरी मारली. डाव्या हाताची बोटं दारावरून फिरवली. त्याला काही लागलं नाही. मग तो खिडकीच्या बाजूला गेला आणि तिरप्या उजेडात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"किती थर?"

"अठरा."

"बावीस हवे होते. छत्रीवाल्याची कड दिसतेय."

एवढं बोलून तो जेवायला बसला. कांद्यातले सार्डीन मासे त्याला फार आवडत. त्या दिवशी त्याने दोनच खाल्ले. हे काम रंगवलेलं नाही असं वालझोर्झींना सांगावं की नाही, यावर बापलेकीत एक शब्द झाला नाही. दोघांनीही तो विषय दुसऱ्याने काढायची वाट बघितली, आणि सामान होडीत चढून गेलं.

ओर्सोलाला पुढे पुष्कळ वर्षं सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गप्प राहण्याची. चिकटवल्याची नाही.

लग्न थाटात झालं. सून सतरा वर्षांची होती, नाव चेचिलिया. मठात वाढलेली आणि आता मोठ्या घरात कंटाळलेली. पाऊसपाण्याच्या एका दुपारी तिच्या दासीने करमणुकीसाठी चित्रांचे ताव आणले. चेचिलियाने कात्री हातात घेतली, ताव उलगडला आणि टाळ्या पिटल्या.

"अगं बाई! हा तर माझ्या कपाटावरचा छत्रीवाला! हे बघा ना, माकडसुद्धा तेच!"

तिला बिचारीला आनंद झाला होता. पण मागे सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी ताव घेतला, उठून कपाटाजवळ गेल्या आणि छत्रीवाला कागदी छत्रीवाल्याशेजारी धरला. मग टेबलावरची लेखणी तासायची सुरी मागवली.

आठवड्याभरात रंगाऱ्यांच्या संघातून बोलावणं आलं. संघाचा तपासनीस निकोलेतो हा जाडजूड, घसा साफ करत बोलणारा माणूस. त्याने स्वतः जाऊन कपाट पाहिलं होतं आणि सोललेला तुकडा रुमालात बांधून आणला होता. तो टेबलावर ठेवून तो म्हणाला, "बोर्तोलो, तीस वर्षं तुझ्या दारावर संघाची पाटी आहे. हे काय?"

"कागद," बोर्तोलो म्हणाला.

"हे तू केलंस?"

"मी केलं."

ओर्सोला भिंतीशी उभी होती. बायकांना त्या खोलीत बसायला जागा नव्हती. "बाबा आबानोला होते," ती म्हणाली. "वाटेल तर तिथल्या हमामवाल्याला विचारा. मी केलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगतेय."

टेबलामागे कुणीतरी हसलं. निकोलेतोने घसा साफ केला. "रंगकाम म्हणून कागद विकणं ही लबाडी आहे. कागद चिकटवणं म्हणजे रंगकाम नव्हेच. तो बायकांचा आणि पोरांचा खेळ. लिहून घ्या." लेखनिकाने लिहून घेतलं. मग निर्णय झाला: सगळा कागद खरवडायचा आणि त्या जागी हाताने रंगवून द्यायचं, पदरमोड करून. वाढीव मुदत नाताळपर्यंत. नाहीतर पाटी उतरवायची.

"रंगवणार कोण?" बोर्तोलोने लोंबता पंजा उचलून दाखवला.

"तेसेरच्या घरातलं कुणीही," निकोलेतो म्हणाला. घरात दुसरा बाप्या नाही हे त्याला ठाऊक होतं.

तो दिवस आणि त्यानंतरचे चार ओर्सोला पुठ्ठ्यांवर चिनी काढत होती. पहिला आर्चबिशपसारखा दिसला. दुसऱ्याला मोमोलोने "आजारी बदक" म्हटलं. बाप मागे स्टुलावर बसून बघत होता आणि दात खात होता.

"दाबतेयस कशाला? भाकरी थापतेयस का? कुंचल्याला नुसतं बोट दाखव, तो जाईल."

"तुमचा जात असेल. माझा नाही जात."

"कारण तू माझा काढतेयस. माझा माझ्या हातात होता. तो गेला." मग जरा नरमून, "कातरलेस तेव्हा हात थरथरला होता का?"

"नाही."

"मग कातर. कुंचल्याने कातर."

हे तिला कळलं. कात्री बाहेरून आत येते, आधी सभोवतालची मोकळी जागा काढून टाकते आणि शेवटी माणूस उरतो. तिने कुंचला तसा धरून पाहिला. कडेकडेने, न थांबता, मिशीच्या टोकापर्यंत. सहावा चिनी चिन्यासारखा झाला. बापाच्या चिन्यांपेक्षा तो किडकिडीत होता, अंगावरचे कपडे जास्त फडफडत होते आणि थोडा घाईत वाटत होता. बोर्तोलोने बघितलं.

"हा कुठेतरी निघालाय," तो म्हणाला.

"पुसू का?"

"राहू दे. जाऊ दे त्याला."

ऑक्टोबरात दोघं वालझोर्झींच्या घरी रोज जाऊ लागली. मागच्या दाराने, पाण्याकडच्या पायऱ्यांवरून. ओर्सोला कोमट ओल्या फडक्याने आणि सुरीने एकेक चिनी सोलायची, तळ पुन्हा बसवायची आणि वर नवा रंगवायची. बोर्तोलो आपलं घरचं स्टूल घेऊन यायचा, कारण वर्खाच्या खुर्चीवर बसायची त्याला परवानगी नव्हती. त्यातल्या आठही खुर्च्यांना पहिला खडू त्याच्या लेकीने लावला होता तरी.

चेचिलिया पहिले तीन दिवस फिरकली नाही. चौथ्या दिवशी आली आणि दारातच म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना हे सगळं?"

"नाही, बाईसाहेब. माझ्यामुळे."

"मी ओरडले नसते तर..."

"कधीतरी कुणीतरी ओरडलंच असतं. गावभर विकतात तो ताव."

"मला ना, तो आणखीच आवडला होता, कागदाचा निघाला म्हणून," चेचिलिया म्हणाली. "म्हणजे कुणीतरी बसून माझ्यासारखं कातरलंय, असं वाटलं. इथे मला कुणी काही करूच देत नाही. मी कात्री घेतली तरी सासूबाई म्हणतात, बोटं खराब होतील."

मग ती रोज यायला लागली. काम बघायची, बडबडायची, बोर्तोलोला गरम चॉकलेट पाजायची. तो ते नाक मुरडून प्यायचा आणि कप चाटायचा. एकदा तिने ओर्सोलाने टाकून दिलेला ताव उचलला आणि गळ टाकून बसलेला म्हातारा इतका सुबक कातरला की ओर्सोला हातातलं काम सोडून बघत राहिली. गळाची दोरी केसाएवढी, अखंड.

"कुणी शिकवलं?"

"मठात. आम्ही देवदूत कातरायचो. पंख जास्त अवघड असतात."

कपाटाचं डावं दार शेवटी राहिलं होतं. त्यावर छत्रीवाला होता. सासूबाईंच्या सुरीने छत्रीची कड उचकटली होती, बाकी तो शाबूत होता. ओर्सोलाने फडकं भिजवलं तशी चेचिलियाने तिचा हात धरला.

"हा राहू दे."

"बाईसाहेब, संघाचा हुकूम आहे."

"कपाट कुणाचं? संघाचं? छत्री मी कातरून देते नवी. चिकटव आणि वरून रोगण दे. विचारलं तर मी सांगेन, मीच ठेवायला लावला म्हणून."

ओर्सोलाने बापाकडे बघितलं. बोर्तोलो खिडकीबाहेर बघत होता. "या वेळी बावीस दे," तो म्हणाला.

नाताळाच्या चार दिवस आधी निकोलेतो तपासायला आला. सासूबाई, चेचिलिया, तिचा झोपाळू नवरा, सगळे हजर होते. निकोलेतोने चष्मा लावला, खुर्च्या पाहिल्या, मेजं पाहिली. कपाटाशी आला. उजव्या दारावर ओर्सोलाने काढलेली एक बाई होती, पंखा घेऊन कुठेतरी निघालेली. निकोलेतो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"वाटलंच होतं मला. ही कड बघा. इतकी स्वच्छ कड कुंचल्याची नसते, कात्रीची असते. हा कागद आहे."

"तो रंग आहे," ओर्सोला म्हणाली.

"तीस वर्षं मी हेच बघतोय, बाई." त्याने डाव्या दाराकडे बोट केलं, थेट छत्रीवाल्याकडे. "हे बघ, याला म्हणतात हात. काय सफाई आहे! हा बोर्तोलोने जुन्या दिवसांत काढला असणार. आणि ही बया..." असं म्हणत त्याने खिशातून सुरी काढली आणि पंखेवालीच्या कडेला घातली.

काही उचललं गेलं नाही. त्याने जोर लावला. रोगण तडकलं, हिरवा रंग निघाला, खालचा पांढरा खडू निघाला, आणि सुरी लाकडाला जाऊन भिडली. पंखेवालीच्या कोपरात करंगळीएवढा खड्डा पडला.

मग चेचिलियाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळंच. "अहो, कागद तो आहे!" ती छत्रीवाल्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी ठेवायला लावला. छत्री तर मी कातरलीय!"

सासूबाईंनी सुनेकडे रागाने बघितलं, कपाटाकडे बघितलं, आणि मग निकोलेतोकडे. तिथे त्यांची नजर थांबली. "माझ्या सुनेच्या कपाटाला आपण भोक पाडलंत," त्या थंडपणे म्हणाल्या.

निकोलेतोने कागदावर 'पाहिलं, ठीक आहे' एवढंच लिहिलं. पाटी राहिली. कोपरातला खड्डा ओर्सोलाने त्याच दुपारी बुजवला.

पुढे पाच वर्षं ती बापाच्या पाटीखाली रंगवत राहिली. तिचे घाईतले चिनी लोकांना आवडायला लागले. 'चालणारे चिनी द्या' म्हणून गिऱ्हाइकं यायची. बोर्तोलो दारात बसून सगळ्यांना सांगायचा की हे माझं नव्हे, पोरीचं आहे. एका जानेवारीत पोटाच्या दुखण्यातच तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याची दोन्ही मनगटं पडली होती आणि ओर्सोला त्याला चमच्याने भरवायची. तो तिला तेव्हाही टोकायचा की चमचा फार दाबून धरतेस.

पंधरवडाही उलटला नसेल, तोच संघाचा माणूस आला. मालक गेला, मुलगा नाही, बाईच्या नावावर पाटी चालत नाही. ओर्सोलाने वाद घातला नाही. शिडी लावून स्वतः पाटी उतरवली. दुसऱ्या सोमवारी त्या खिळ्यावर तिने नवी पाटी लावली: 'ओर्सोला तेसेर. इथे कागद कातरून चिकटवण्याचं काम होतं.'

निकोलेतो तणतणत आला. "हे काय आहे?"

"कागद."

"संघाच्या परवानगीशिवाय..."

"कागद चिकटवणं म्हणजे रंगकाम नव्हे, असं तुमच्या वहीत आहे. लिहून घ्या म्हणालात, तेव्हा मी भिंतीशी उभी होते. मग संघाचा काय संबंध?"

मोमोलो त्याच्या दारात सुळ्याने वर्ख घोटत होता. त्याने मान वर केली नाही, पण घोटायचं थांबवलं होतं. निकोलेतोने बराच वेळ पाटी वाचली, इतक्या थोड्या अक्षरांना लागायला नको होता इतका वेळ. मग टोपी घातली आणि गेला. पुन्हा कुणी आलं नाही.

गिऱ्हाइकाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, हा कागद आहे, रंग नाही. पटत असेल तर बसा. बरेच जण बसायचे. रंगवलेलं कपाट ज्यांना परवडायचं नाही असे शिक्षक, औषधवाले, लहान व्यापारी. त्यांच्या मुलींच्या लग्नात आता चिनी येऊ लागले. कातरायला तिने गल्लीतल्या बायका घेतल्या. आधी दोन, मग सात. त्यांत एक बहिरी होती, एक नवऱ्याने टाकलेली, आणि एक इतकी भांडखोर की तिला वेगळ्या खिडकीत बसवावं लागे. चेचिलिया वर्षातून दोनदा कुणी ओळखू नये म्हणून तोंडावर मुखवटा चढवून यायची, तासभर कातरायची आणि निघून जायची. तिला तीन मुलगे झाले, त्यांची नावं ती ओर्सोलाला दर वेळी नव्याने सांगायची.

चाळिशी जवळ आली तेव्हा मोमोलोने विचारलं, दोन्ही कारखान्यांमधली भिंत पाडायची का. ओर्सोला म्हणाली, भिंतीवर फळ्या आहेत, त्या कुठे हलवायच्या? तो म्हणाला, त्याचा विचार मी केलाय. ऑगस्टमध्ये त्यांचं लग्न झालं आणि सप्टेंबरात भिंत पडली. फळ्या मात्र कुठेच नीट बसल्या नाहीत. त्या शेवटपर्यंत जमिनीवरच होत्या, आणि बायका त्यांवर बसून जेवायच्या.